लसणाची गोळी आणि आमचा चातुर्मास

डॉक्टरांनी गोळ्यांची बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरली. "ये अचानक बंद क्यों की आपने?"

"चातुर्मास लागला म्हणून," मी म्हटलं.

ते म्हणाले, ॲड्रिनल क्रायसिस. आपल्या मूत्रपिंडांवर लहानशा ग्रंथी असतात. शरीराला लागणारं स्टेरॉइड त्या तयार करतात. ते रोज बाहेरून मिळू लागलं की त्या आपलं काम सोडून देतात. अशात गोळी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळतो, माणूस जातोसुद्धा. "जड़ी-बूटी के नाम पर इसमें स्टेरॉइड मिलाया है," असं त्यांचं म्हणणं. माझ्या रक्ताचे रिपोर्ट आणि सुजलेला चेहरा पाहून त्यांना ते कळलं होतं.

मी भैरवगडला कापडछपाईच्या कारखान्यात काम करते. दिवसभर टेबलावर वाकून लाकडी ठसा ठेवायचा आणि वरून मुठीचा दणका द्यायचा. कंबरेत तापलेली सळई खुपसावी तशी कळ यायची. घरी आले की इतकी गळून जायचे, की पोळ्या लाटताना रडू फुटायचं. सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते, गुडघ्यांसाठी शहरातल्या फ्रीगंज भागातल्या एका वैद्याच्या गोळ्या घ्यायच्या. त्याच मीही सुरू केल्या. दुखणं पळालं, थकवा पळाला. चेहरा भरला तर सगळे म्हणाले, तब्येत सुधारली.

बाटलीवर लिहिलं होतं: अश्वगंधा, गुग्गुळ, लसूण. आमच्याकडे आषाढी एकादशीपासून कांदा-लसूण बंद, म्हणून मी गोळीही बंद केली. आई हसल्या. "औषधाला कसला ग चातुर्मास? घेऊन घे न चुपचाप." मी ऐकलं नाही. त्या मात्र घेत राहिल्या.

काही दिवसांत ओकाऱ्या सुरू झाल्या. पोटात, कंबरेत कुणी लाथा घालतंय असं वाटायचं. एका सकाळी भानच सुटलं. माझा नवरा मिलिंद धरायला आला, तर मी तांब्या त्याच्या तोंडावर फेकून मारला. ओठातून रक्त गळत असताना त्याने मला उचलून ऑटोत घातलं.

आता डॉक्टरांचं बोलणं ऐकून तो तडक उठला. डॉक्टर पुढे काही सांगत होते, पण तो थांबलाच नाही.

परत आला तो हाताला पट्टी बांधून. वैद्याच्या काउंटरची काच मुठीने फोडली होती, त्याला कॉलर धरून रस्त्यावर ओढला होता आणि लोकांनी सोडवेपर्यंत बदडला होता. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. "अजून दोन लगावायच्या," मी म्हटलं.

सलाइन आणि इंजेक्शनांनी मी सावरत होते. एक दिवस आई भेटायला आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

"झोपूनच आहे," मिलिंद म्हणाला. "उलट्या होतायत. तुझं टेन्शन घेतलं न तिने."

मी ताडकन उठून बसले. "त्यांच्या गोळ्या?"

"त्याच दिवशी नालीत फेकल्या. विष घरात ठेवू का?"

मी सलाइनच्या हाताने त्याची गचांडी धरली. सुई निसटली, चादरीवर रक्त सांडलं, नर्स ओरडत धावली. मी त्याला हलवून हलवून सांगत होते, अरे, मला जे झालं तेच त्यांना होतंय, आत्ता घेऊन ये. तो पळाला.

आईंना आणलं तेव्हा नाडी लागत नव्हती. इंजेक्शन देऊन त्यांना आत नेलं. मिलिंद दाराबाहेर भिंतीवर डोकं आपटत होता. मला त्याची दया येत नव्हती. आई गेल्या असत्या तर मी त्याला कधीच माफ केलं नसतं.

तुमच्या घरात अशी गोळी असेल तर चिडा, तक्रार करा, पण ती स्वतःहून एकदम बंद करू नका. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. ते हळूहळू सोडवतात. आणखी कोण घेतंय तेही सांगा. आम्ही नेमकं तेच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला आत सोडलं. आईंनी डोळे उघडले होते. मिलिंद पाया पडायला वाकला, तेव्हा त्यांनी हात उचलून त्याच्या गालावर चापट मारली. मग मला जवळ बोलावलं आणि मलाही एक दिली. हात उचलायचं बळ आलेलं पाहून आम्ही दोघं तिथेच रडलो.