शहाळं फोडू नका

धाकट्या भावाच्या मुलीच्या साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनीचा फोन आला. "ताई, ह्यांचे पायच उचलत नाहीत."

बोळिंजहून उमेळ्याला रिक्षा पोचेपर्यंत मी धाकट्या भावाला बरेच असाध्य रोग लावून टाकले. कॉलेजात जन्मभर जीवरसायन शिकवलं की मन असंच चालतं. त्याच आठवड्यात वर्गात प्रायॉन झालं होतं. मेंदूतलं एक प्रथिन चुकीची घडी घेतं आणि शेजारच्या प्रथिनांनाही तशीच घडी घ्यायला लावतं. प्रायॉनमुळे एका रात्रीत पाय जात नाहीत, हे मला माहीत होतं. पण रिक्षात बसल्यावर माहितीचा फारसा उपयोग होत नाही.

भाऊ पलंगावर पडला होता. डोकं लख्ख, दुखणं काही नाही, चिमटा काढला तर कळत होता. पण पाय ओंडक्यासारखे, आणि हातही जेमतेम उचलत होते. "ये ताई," तो म्हणाला. "आज पाया पडत नाही, चालेल ना?"

खोली माणसांनी भरली होती. आमच्याकडे आजाऱ्याला रिकाम्या हातानं कोणी भेटायला येत नाही, आणि आणलेलं त्याच्या पोटात गेल्याशिवाय उठतही नाही. शेजारणीनं गुळाचा शिरा आणला होता, दुसरीनं लिंबाचं सरबत. अंगणात काकी शहाळं फोडायला कोयता मागत होती. वहिनीचा भाऊ कसलीशी पावडर विकतो. तो डबा उघडून उभा होता. "ह्यांचे मायटोकॉन्ड्रिया झोपलेत. दोन चमचे दिले की पेशीत एनर्जीच एनर्जी!"

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली वीजघरं; त्यांच्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठतात आणि परतताना धरणाच्या पाण्यासारखे एक चक्र फिरवतात. त्या चक्रावर आपण जगतो. व्यवस्था अतिशय देखणी आहे. डब्यावरच्या सोनेरी सूर्याशी तिचा काही संबंध नाही.

"काल काय काय खाल्लंस?" मी विचारलं.

"जिलेबी. भात. परत जिलेबी. दिवसभर खुर्च्या उचलल्या आणि मेल्यासारखा झोपलो."

तेव्हा मला दिवाळीनंतरच्या सकाळी आठवल्या. हा अंथरुणातून उठायचा नाही आणि सगळे त्याला आळशी म्हणायचे. श्राद्धाचं जेवून झोपलेले बाबाही दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून राहायचे, भिंत धरून उठायचे. त्यांना आळशी म्हणायची कोणाची छाती नव्हती, एवढाच फरक.

स्नायूच्या पेशीला बारीक दारं असतात, क्षारांची ये-जा होऊ देणारी. एखाद्या घराण्यात ती जन्मतःच सदोष असतात. गोड खाल्लं की रक्तातलं पोटॅशियम पेशीत ओढलं जातं, आणि अशा माणसाचा स्नायू हुकूम ऐकेनासा होतो. हे तेच असेल तर शिरा, सरबत आणि पावडर घातक, आणि पोटॅशियमनं भरलेलं शहाळं उपयोगाचं. पण याचाच एक भाऊबंद आजार आहे, त्यात रक्तातलं पोटॅशियम वाढतं. त्यात शहाळ्यानं हृदय बंद पडू शकतं. नुसतं बघून दोन्ही सारखेच दिसतात. आणि मी डॉक्टर नाही.

"कोणी काही देऊ नका," मी म्हटलं. "साधं पाणी द्या. शहाळं फोडू नका."

काकी कोयता घेऊनच आत आली. "शहालं म्हंजे पानीच ना गं? एवढी शिकलीस ती भावाला उपाशी ठेवायला?"

माझ्याकडे नुसती शंका होती, पण शंकेनं कोणाचं समाधान होत नाही.

त्याला खुर्चीसकट उचलून बाहेर नेलं आणि गाडीत बसवलं. श्वासाचे स्नायूही असेच थांबतील, अशी मला आता भीती वाटत होती.

"बोलत राहा. पूर्ण वाक्यं बोल."

"तुझ्या हातची आमटी बेचव असते."

"आणखी."

"आईच्याही हातची असायची. तुला वारसा मिळालाय."

दवाखान्यात तरुण डॉक्टरनं अशक्तपणा पाहून ग्लुकोजची बाटली मागवली. मी म्हटलं, आधी पोटॅशियम बघाल का?

"तुम्ही डॉक्टर?"

"नाही. शिकवते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हृदयाचा आलेख काढला. आलेख पाहून बाटली परत पाठवली. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत मी बाकावर बसून माझं चुकलं असेल तर काय, याचे हिशेब मांडत राहिले. पोटॅशियम फार कमी निघालं. ते हळूहळू दिलं, आणि दुपारनंतर भावाच्या पायाचा अंगठा हलला. वहिनी त्या अंगठ्याकडे देवाकडे बघावं तशी बघत होती.

डॉक्टरनं मग बाहेर सांगितलं, हे घराण्यातून येतं. मुलांमध्ये उतरण्याची शक्यता अर्धी. हातात कालच्या बांगड्या घालून भाची तिथेच उभी होती. तिनं टाचा उचलल्या, टेकवल्या, पुन्हा उचलल्या.

तपासणी लग्नानंतर करेन, म्हणाली. भावाला घाई करवली नाही, मलाही नाही. आता कुठलंही सणासमारंभाचं जेवण झालं की दुसऱ्या सकाळी त्याचा फोन येतो. "पाय हलले," एवढंच सांगून ठेवतो. फोन येईपर्यंत माझा चहा निवतो.

भाचीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही फोन आला. "हलले, ताई."

"आणि तिचे?"

"तिच्या सासरी इतक्या सकाळी कसा फोन करू?" म्हणाला.

"कर," मी म्हटलं. "मी थांबते."