कुशलचा गिलास

पाम गावच्या रखमाच्या गोड लोणच्याला एकच माप, कुशलचा गिलास. लेकाच्या बारशाला मामाने दिलेला, नाव घातलेला, स्टीलचा. टोपभर फोडींना तेल दोन गिलास, गुळाचा पाक एक. लेक मोठा होऊन तारापूरला केमिकलच्या कंपनीत लागला, तरी माप तेच.

कंपनीत पातळ सामानही काट्यावर तोलून घालतात. तिथलं खूळ त्याने घरी आणलं, नि एक छोटा बॅटरीचा काटाही.

"आये, लिटर नि किलो येक धरू नको. गिलासभर पान्यापेक्षा गिलासभर तेल हलकं. पाक जड."

"गिलास तर तेवढाच हाय ना रे?"

"गिलास तेवढाच. तेल म्हंजे आपला तात्या. जागा भरून बसतो, पन वजन नाय. पाक म्हंजे तू."

तात्या म्हणजे त्याचा काका. तो ओट्यावरच बसला होता. "माझं वजन कळंल तुला येक दिवस," म्हणाला, नि चहा मागितला.

"नि आधी रिकामा गिलास ठेवून बटन दाबायचं," कुशल पुढे सांगत होता. "शून्य आलं की मग वतायचं. नायतर गिलासाचंबी वजन धरशील."

आकडे सगळे त्याच्या तोंडी. रखमाने ते ध्यानात धरले नाहीत. विचारायला लेक घरातच होता.

गेल्या दिवाळीनंतर पहिली पाळी सुटून येताना सालवडपाशी त्याच्या मोटारसायकलला टँकरने उडवलं. तिरडीला पुढून खांदा तात्याने दिला. वाटेत कुणी बदलायला आलं तरी सोडला नाही.

कैऱ्या धरल्या तशी बचत गटाची हेमांगी बोईसरहून आली.

"काकी, औंदा लोनचं सालवडच्या मोठ्या रांधनीत घालायचं. बाया येतील, काटा हाय. तुझी रीत फक्त ग्रॅममधी सांग."

"गिलासानं घाला. मी घेऊन येते."

"मन-दोन मन फोडी असतील काकी. गिलास कुठं पुरा पडंल?"

रखमा कैरीचं देठ खुडत राहिली. "येकदा आकडा दिला की ह्याला काम नाय ऱ्हायलं," ती म्हणाली.

ओट्यावरून तात्या म्हणाला, "दे गो वयनी. लोनचंच नाय घातलं, तर गिलासाला तरी कसलं काम?"

कुशल गेल्यापासून काटा कपड्यात गुंडाळून फळीवर होता. रखमाने तो काढला, गिलास काठोकाठ तेलाने भरला नि काट्यावर ठेवला.

"दोनशे ब्याहत्तर," हेमांगीने वाचलं. मग थांबली. "काकी, तू गिलासबी धरलास त्यात."

"धरू दे. तो हायच त्यात."

"तेल जादा व्हईल गो. फोडी तरंगतील."

रखमाने तेल परत ओतलं. गिलास धुतला, पदराने पुसला, रिकामा ठेवला. बटण दाबलं. शून्य आलं. मग तेल ओतलं. एकशे ब्याऐंशी. पुन्हा धुणं, पुसणं, शून्य, नि थंड झालेला पाक. दोनशे ऐंशी. हेमांगीने दोन्ही आकडे फोनमध्ये घातले.

रखमाने पाकाचा गिलास उचलला. काटा रिकामा झाला, तरी त्यावर नव्वद दिसत होतं. आकड्याआधी एक आडवी रेघ.

"वर तर कायच नाय. मग हे कसलं?"

"उने नव्वद, काकी. गिलास ठेवून शून्य केलं होतं ना आपन. तो उचलला म्हनून तेवढं कमी दाखवतो."

"गिलासाएवढं?"

"हां, गिलासाएवढं."

हेमांगी काटा बंद करायला वाकली. रखमाने तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. बराबर दाखवतो तो."

तात्या ओट्यावरून उठून आत आला, नि त्याने तिच्या हातातला पाकाचा गिलास काढून घेतला. गिलास कलला होता. पाक तिच्या मनगटावरून खाली ओघळत होता, नि तिला ठाऊक नव्हतं.