फाळक्यात उतरलेला सिदू

बहात्तरच्या दुष्काळात शिरूर कासारकडचे कोयते घरीच गंजत पडले. ऊसच नव्हता, तोडणार काय? मग मजूर सोसायटीच्या चेअरमननं मुंबई बंदरात धान्याची जहाजं उतरवायचं काम घेतलं आणि मुकादम मोहनरावानं ट्रक भरून माणसं नेली. त्यात आश्रुबा होता, आणि त्याचा धाकटा भाऊ सिदू.

जहाजाचं माल भरायचं पोट, त्याला फाळका म्हणतात. आश्रुबानं वरून डोकावलं. अंधार, नि उबट वास.

"मुकादम, हे तर आपलं पेवच हाय. वाईच थांबू. कंदील सोडू."

जमिनीतलं धान्याचं पेव उघडलं की गावात लगेच कुणी आत पाय घालत नाही. आधी कंदील सोडायचा. विझला, तर आतली हवा माणूस मारणारी.

मोहनराव खदाखदा हसला. "आरं, लोखंडाचं जहाज हाय बे! कंदील लावून पेटवतो का? भ्या वाटत आसंल तर मागं आष्टीची टोळी हुबी हाय. तुमी जावा खडी फोडायला."

खडी तरी कुठं होती? गावचं दुष्काळी काम कधीच बंद पडलेलं. घरी म्हातारी माय बायनाबाई, बायको, लेकरं.

सिदूनं शिडीला हात घातला. "दादा, उतरू का?"

बाप गेल्यापासून तो दादाला विचारल्याशिवाय पाणी पीत नसे. एवढं मोठं जहाज, शिकलेल्यांनी बांधलेलं; हवेचा विचार त्यांनी केलाच असेल, अशी आश्रुबानं मनाची समजूत घातली.

"उतर."

निम्म्या शिडीवर सिदूचा हात सुटला. धान्यावर पडला, आवाजसुद्धा झाला नाही. आश्रुबा झेपावला, तसं गाववाल्यांनी त्याला कमरेला धरून मागं ओढलं.

"सोडा बे! माझा भाऊ हाय!"

"म्हणूनच धरलंय."

हवा खेळल्यावर पोती चढवायच्या जाळ्यातून सिदूला वर काढलं. मग तोच फाळका त्याच माणसांनी रिकामा केला. सोसायटीनं शोकसभा घेतली. हार चेअरमनच्या गळ्यात. सिदूचा फोटोच नव्हता.

पुढं सोसायटीच्या दुकानात जहाजानं आलेली परदेशी तांबडी ज्वारी आली. आश्रुबानं पिशवी भरून आणली, तर बायनाबाई तिच्याकडं बघेना.

"त्याच जहाजातली आसंल."

"न्हाई माय, जहाजं लई येतात."

"मग माझ्या लेकाला गिळलं ते कोणतं, वळखशील का?"

सासूकडं बघून बायकोनंही पिशवीला हात लावला नाही. लेकरं रडून रडून झोपायला लागली. शेवटी आश्रुबाच जात्याला बसला. बाप्यानं दळायची रीत नाही त्या गावात. मूठमूठ वैरत तो खुंटा ओढत राहिला. रस्त्यानं जाणारी माणसं दारात थबकली. कुणी हसलं नाही.