एकेचाळीस पिवळे फ्लास्क

ताई आणि मी एका खोलीत राहायचो. ती प्रयोगशाळेत चांदीच्या तारा बनवायची, केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या. मनगटावर नाडी मोजणाऱ्या पट्ट्यांत त्या बसवतात. सिल्व्हर नायट्रेट सांडून तिची बोटं कायम काळी.

"खून करून आल्यासारखी दिसतेस," मी म्हणायचे.

"केला तर पहिला तुझाच."

तारा झाल्या की गरम फ्लास्कमधलं द्रावण राखाडी होतं, हलवलं की रेशमासारखं चमकतं. तीन वर्षं तिच्या हातून ते होत होतं. मग एका सोमवारपासून होईना. द्रावण पिवळंच राहायचं. नुसते कण, तार एक नाही.

तिनं बाटल्या बदलल्या. तापमान तपासलं. फ्लास्क शुद्ध पाण्यानं पाचदा धुतले, मग दहादा. एकेचाळीस वेळा पिवळं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी शांतपणे विचारलं, "आधीचे आकडे खरे होते ना?"

त्या दिवशी ती जेवली नाही. "नोकरी गेली तर जाऊ दे गं. पण मी खोटारडी ठरतेय."

शुक्रवारी पाचपर्यंत तारा दाखवायच्या, नाहीतर सर तिचा छापलेला शोधनिबंध मागे घेणार होते. दोन वाजता मी डबा घेऊन गेले. ती फरशीवर बसली होती. हात टेकले होते तिनं.

"त्या सोमवारी नवीन काय झालं होतं?" मी विचारलं.

"काही नाही. भांडी धुणारे मामा निवृत्त झाले. तेव्हापासून मीच धुते."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिनं फोन लावला.

"आली का आठवण म्हाताऱ्याची?" मामा हसले. तिनं विचारल्यावर आवाज खाली आला. "रागावू नका ताई. ते यंत्रातलं शुद्ध पाणी थेंब थेंब यायचं. मी आपला नळाखालीच खळखळून घ्यायचो."

नळाच्या पाण्यात जरासा क्षार असतो. कणांच्या तारा व्हायला तेवढाच लागत होता.

तिनं फ्लास्क नळाखाली धरला. सव्वापाचला द्रावण राखाडी झालं. सरांच्या खोलीला कुलूप होतं. निबंध मागे घेत असल्याचं पत्र बरोबर पाचला गेलं होतं.

"पण झाल्या ना तारा!" मी म्हणाले.

"झाल्या. निबंधात मी लिहिलंय, फ्लास्क शुद्ध पाण्यानं धुतले. म्हणजे ते खोटंच होतं."

वहीत बेचाळिसाव्या नोंदीपुढे तिनं लिहिलं: नळाचं पाणी. मग फ्लास्क हलवत बसली. चमक विरली की पुन्हा.