रेडिएटरवर ठेवलेली बॅटरी

टॉर्चचे सेल उतरले की माझे वडील ते दुपारभर पत्र्यावर उन्हात ठेवायचे. पावसाळ्यात ऊन नसलं की आई चुलीच्या वैलाजवळ ठेवायची. मग आणखी दोन-चार दिवस टॉर्च पेटायचा. आमच्या गावात सगळेच तसं करत. माझी शाळा चौथीत सुटली, पण ह्या गोष्टी शाळेतल्या नव्हत्याच. बघून बघून हाताला लागलेल्या होत्या.

मी सांगतेय त्या वेळी इंग्लंडात लेस्टरला येऊन मला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. हे शिवणाच्या कारखान्यात कटरवर होते, थप्पीच्या थप्पी कापड कापायचे. एकुलती एक मुलगी मिल्टन कीन्सला कॉम्प्युटरच्या नोकरीत होती. दर रविवारी गाडी घेऊन यायची. ती इथलीच जन्मलेली, तिच्या मराठीत तो आणि ती यांची अदलाबदल व्हायची. हे तिला त्यावरून चिडवायचे.

ह्यांना दिवसाला वीस सिगारेटी लागायच्या. हॉटेलात, पबात ओढायला बंदी आली तेव्हाही हे बाहेर फुटपाथवर थंडीत उभे राहून ओढायचे. त्यानंतर दोन वर्षांनी ह्यांच्या छातीचा फोटो काढला. डॉक्टर काय म्हणाले ते मुलीने मला गाडीत सांगितलं. फुप्फुसं बरीच गेली होती, आता सोडली तर उरलेली टिकतील, नाहीतर नाही. ती काचेतून समोर बघत बोलली. हे मागे बसून पट्ट्याशी खेळत होते.

पुढच्या रविवारी तिने इलेक्ट्रिक सिगारेट आणली. तेव्हा ती नवीनच निघाली होती. पांढरी नळी, ओढली की टोकाला लाल दिवा लागायचा. नळीतली बॅटरी फिरवून काढायची आणि चार्जिंगला लावायची. अशा दोन बॅटऱ्या होत्या. सिगारेटबरोबर आलेला चार्जर लवकरच बिघडला, तेव्हा मुलीने आपल्या जुन्या मोबाइलचा दिला.

हे पहिल्या दिवशी म्हणाले, "तुझ्या गॅसला लायटर लागतो, माझ्या सिगारेटला प्लग. घरात सगळं उलटं झालंय." पण ओढायला लागले. महिनाभर खऱ्या सिगारेटला शिवले नाहीत. ह्यांच्या कोटाला वास येईनासा झाला. मी कोट उगाच दोनदा हुंगून बघायची.

मग थंडी वाढली आणि एक बॅटरी लवकर उतरायला लागली. चार झुरके घेतले की दिवा मिणमिणायचा. दुसरी चार्जिंगला असली की ह्यांचा जीव कासावीस व्हायचा. एका शुक्रवारी बसस्टॉपवर शेजाऱ्याच्या हातातल्या सिगारेटकडे हे ज्या नजरेने बघत होते, ती मी रस्त्यापलीकडून पाहिली. मला धडकी भरली. मुलीला फोन करून नवीन बॅटरी मागावी, असं मनात आलं. पण ती कामात असेल, आपण फोन करून काय काय सांगणार, म्हणून राहू दिलं. मला फोनवर बोलायचं म्हटलं की आधीच घाम फुटतो.

इथे ऊन नव्हतं. खिडकीखाली खोली तापवणारा रेडिएटर होता. सकाळी हीटिंग चालू झालं की मी ती बॅटरी रेडिएटरवर ठेवायची, वरून पुसायच्या फडक्याची घडी घालायची, म्हणजे ऊब टिकेल. तासाभराने काढून चार्जिंगला लावायची. आणि खरंच फरक पडला. हे म्हणाले, "आज बरी चालतेय." आपल्यामुळे ह्यांची सिगारेट सुटून राहिली, एवढं मनातल्या मनात पुरेसं होतं.

आठवडाभर मी हे केलं. शनिवारी सकाळी फडकं काढलं तर बॅटरीच्या टोकाचं लाल टोपण जरा बाहेर आलेलं दिसलं. मी ते अंगठ्याने आत दाबलं. ते बसलं. मग सोफ्याशेजारच्या प्लगला बॅटरी लावली आणि पोळ्या करायला गेले.

पहिल्यांदा प्रेशर कुकरसारखा फुस्स असा आवाज आला. मला वाटलं कुकरच, म्हणून मी कुकरकडे बघितलं. मग फटाका फुटावा तसा मोठा आवाज झाला. धावत गेले तर सोफ्याचं कापड पेटलं होतं आणि हे ती जळती बॅटरी उजव्या हातात धरून दाराकडे पळत होते. बाहेर फेकण्यापुरतीच धरली होती. तेवढ्यात तळहाताची आणि तीन बोटांची कातडी गेली.

शेजाऱ्यांनी फोन केला. फायर ब्रिगेडवाल्यांनी सोफा बाहेर नेला. ह्यांना ॲम्ब्युलन्सने नेलं. मुलगी तासाभरात पोहोचली. फायर ब्रिगेडचा अधिकारी चांगला माणूस होता, ओल्या कार्पेटवर उभा राहून हळू हळू विचारत होता. मुलगी त्याचं मला मराठीत सांगत होती, माझं त्याला इंग्रजीत.

"आई, ते विचारतायत, बॅटरी कधी गरम जागेवर ठेवली होती का?"

खिडकीखाली फडक्याची घडी तशीच होती. मी म्हणाले, "नाही."

तिने त्याला ते सांगितलं. त्याने लिहून घेतलं. मग त्याने चार्जर हातात घेऊन पाहिला आणि तिला काहीतरी विचारलं. ते तिने मला सांगितलंच नाही, पण तिचा चेहरा उतरलेला मला दिसला. चार्जर ह्या बॅटरीचा नसेल तर असं होतं, असं तो म्हणाला असावा. तो गेल्यावर ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "माझा चूक आहे. चार्जर मी दिला." मी तिच्यासाठी चहा ठेवला. त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. चहा उकळून गेला तरी मी गॅसपाशीच उभी होते.

ह्यांच्या हातावर कातडी लावली, पण बोटं नीट मिटेनात. कात्री धरता येईना. कारखाना सुटला. घरी बसून बसून एक दिवस हे बाहेर गेले आणि डाव्या हातात पेटलेली सिगारेट घेऊन दारात उभे राहिले. मी बघतेय हे कळल्यावर म्हणाले, "निदान ही फुटत नाही."

त्यानंतर हे पाच वर्षं जगले. शेवटचं वर्ष ऑक्सिजनच्या नळीवर.

ह्यांचा तेरावा झाल्यावर मुलगी माझ्याजवळ थांबली. सगळे गेल्यावर भांडी पुसता पुसता म्हणाली, "मी ती इलेक्ट्रिक सिगारेट आणली नसती तर बाबांचा हात राहिला असता. हात राहिला असता तर त्यांनी परत सुरू केली नसती."

मग मी सांगितलं. पत्र्यावरचे सेल, रेडिएटर, फडकं, अंगठ्याने दाबलेलं टोपण, सगळं सांगितलं. इतकं मी एका दमात आयुष्यात कधी बोलले नव्हते. तिने ताट खाली ठेवलं आणि मला जवळ घेतलं.

"आई, मला बरं वाटावं म्हणून असं काही बोलू नकोस. मी तेव्हा विचारलं होतं तुला. तू नाही म्हणालीस."

"तेव्हा खोटं बोलले मी."

"तू खोटं बोलत नाहीस," ती म्हणाली आणि पुढचं ताट पुसायला घेतलं.

त्यानंतर आणखी दोनदा मी विषय काढला. दोन्ही वेळा ती माझा हात थोपटत राहिली, आजारी माणसाचा थोपटतात तसा. आता काढत नाही.

अजून ती रविवारी येते. जाण्याआधी घरभर फिरून सगळे प्लग बंद करते. माझ्या मोबाइलचा चार्जर भिंतीतून काढून टेबलावर ठेवते आणि विचारते, "काही लावलेलं नाही ना, आई?" मी नाही म्हणते. मग ती गाडी काढते. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी खिडकीत उभी असते. थंडीत रेडिएटर पायांना गरम लागतो. मी तिथून हलत नाही.