अण्णा "बटण" म्हणाले तेव्हा

माझ्या सासऱ्यांना लोक त्यांच्या तोंडावर वेडं समजायला लागले होते.

आज अण्णांना जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय.

अण्णा म्हणजे बोलणारा माणूस. मूळ गाव मोरिवली, नोकरी अंबरनाथच्या एका कंपनीत स्टोअरला. गावात कुणाचंही लग्न असो, माईक यांच्याच हातात.

मग स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि शब्दही गेले.

समजायचं सगळं. पण तोंडातून फक्त "हां" यायचं. पाणी हवं असलं तरी "हां", नको असलं तरी "हां".

भेटायला येणारे त्यांच्यासमोरच मला विचारायचे, "काही कळतं का गं यांना?"

अण्णा खिडकीकडे बघत बसायचे.

थेरपिस्ट मॅडमनी बजावलं होतं की त्यांना वेळ द्या, त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. आम्ही मान डोलावून घरी आलो. पण सकाळी माझ्या नवऱ्याची, निलेशची शिफ्ट, आमच्या लेकीची, सईची शाळा, माझा डबा. थांबणार कोण?

व्हीलचेअर आणायला मी उल्हासनगरला गेले. कॅम्प ४ मध्ये जुन्या सामानाचं एक दुकान आहे. चेअर चांगली मिळाली. तिच्या मागे एक कापडी पिशवी लटकत होती, त्यात काहीतरी जड होतं.

दुकानदार म्हणाला, चेअरसोबतच आलंय, घेऊन जा.

बदलापूरला घरी येऊन पिशवी उघडली. वीतभर उंचीचं काळपट लोखंडी काहीतरी निघालं. खाली रुपयाएवढी छोटी वाटी, वर एक दांडा. दांडा दाबला की एक जाड खुंट बरोबर त्या वाटीत उतरायचा.

कशाचं आहे, कुणालाच कळेना.

सई म्हणाली, अक्रोड फोडायचं. निलेशला वाटलं, व्हीलचेअरसोबत आलंय म्हणजे औषधाच्या गोळ्या चुरायचं असणार. शेजारच्या काकूंनी पेढ्यावर ठसा मारायचं यंत्र ठरवलं, आणि खरंच घरातून पेढा आणून दाबून बघितला. पेढ्याचा पार चुरा झाला.

आम्ही हसत होतो. एवढ्यात चेअरवरून आवाज आला.

"बटण."

स्पष्ट. "हां" सोडून पहिला शब्द.

घरात नुसती धावपळ. अण्णांना गरम होतंय म्हणून निलेशने फॅनचं बटण दाबलं. अण्णांनी मान हलवली. फॅन बंद केला. पुन्हा मान हलवली. मग लाइट लावली, टीव्ही लावला. काकूंनी शर्टाचं वरचं बटण सोडून दिलं.

अण्णा डाव्या हाताने चेअरच्या दांडीवर मारत राहिले. "बटण. बटण."

मग हात थांबला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

काकू हळूच म्हणाल्या, "आता असंच काहीबाही बोलणार ते. मनाला लावून घेऊ नकोस."

पुढच्या आठवड्यात चेअरचं एक चाक ढिलं झालं म्हणून मी परत कॅम्प ४ ला गेले. ती वस्तूही सोबत नेली, म्हटलं विचारून तरी बघू. चेअर त्याच बिल्डिंगमधल्या एका सिंधी आंटींच्या घरून आली होती. दुकानदाराने त्यांना हाक मारली.

आंटी जिना उतरल्या आणि माझ्या हातात बघून तिथेच थांबल्या.

"ये तो मैं पूरे घर में ढूँढ रही थी."

त्यांच्या मिस्टरांचं ब्लाउज मॅचिंगचं दुकान होतं. कापड चढवलेली बटणं ते याच्यावर बनवायचे. अंगावरून वारं गेल्यावरही चेअरवर बसून एका हाताने दाबत राहायचे. ते गेल्यावर चेअर विकली, तेव्हा पिशवी चुकून तशीच राहिली.

मी विचारलं, "आंटी, म्हणजे हे बटणाचं मशीन आहे?"

"हां बेटा. बटन का."

मला तिथे रस्त्यावरच रडू आलं. आंटींना वाटलं, मला वस्तू परत द्यायचं वाईट वाटतंय. मी ती त्यांच्या हातात दिली आणि अण्णांची गोष्ट सांगितली. त्यांनी मला वर नेऊन चहा पाजला.

घरी येऊन मी अण्णांच्या समोर बसले. म्हटलं, "अण्णा, तुमचं बरोबर होतं. बटणाचंच होतं ते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने फॅनकडे बोट दाखवलं आणि वाकड्या तोंडाने इतकं हसले की त्यांना ठसका लागला.

कसं माहीत, हे सांगायला त्यांना कितीतरी दिवस लागले. एकेक शब्द येत गेला. आई. मोरिवली. ब्लाउज. त्यांची आई गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, असं मशीन त्यांच्या घरात होतं.

त्यानंतर आमच्या घरात एक नियम झाला. अण्णांनी तोंड उघडलं की बाकीच्यांनी गप्प बसायचं. अंदाज करायचा नाही.

काकूसुद्धा थांबायला शिकल्या.

एका सकाळी निलेश बूट घालत होता. अण्णांनी त्याची बाही धरली.

"तू..."

पुढे काही येईना. कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन हॉर्न देत होती. निलेशने बॅग खाली ठेवली आणि त्यांच्या पायाशी फरशीवर बसला.

बस गेली. मी चहा ठेवला. चहा गार झाला. अण्णांचं कपाळ घामाने भिजलं, पण त्यांनी बाही सोडली नाही.

"तू... खूप... दमतोस."

माझ्या नवऱ्याला त्याच्या वडिलांनी असं कधी म्हटलंही नव्हतं. माईकवर जगाशी बोलले, घरात मुलाशी कामापुरतंच.

निलेश त्या दिवशी कामावर गेला नाही. तसाच चेअरला डोकं टेकून बसून राहिला, आणि अण्णा त्याच्या केसांतून डावा हात फिरवत होते.

पुढच्या महिन्यात अण्णा गेले.

आज पान वाढलं, सगळे जेवून गेले. घर शांत आहे.

अण्णा, आम्हा तिघांचा नमस्कार.