वहीतले तेवीस तास

माझी लेक साडेपाच महिन्यांची असताना तिच्या डोक्यावर हेल्मेट आलं. मान एका बाजूला आखडल्यामुळे ती सतत उजवीकडेच वळून झोपायची आणि डोक्याचा मागचा उजवा भाग चपटा होत गेला. उजवा कानही पुढे सरकल्यासारखा दिसायचा. मानेचे व्यायाम झाले, कूस बदलून झोपवणं झालं, शेवटी डॉक्टरांनी डोक्याला गोल आकार देणारं हेल्मेट सुचवलं. मुंबईच्या क्लिनिकमधल्या तंत्रज्ञाने बजावलं होतं, की दिवसाचे तेवीस तास ते डोक्यावर राहिलं पाहिजे. जो काही फरक पडायचा तो मूल वर्ष-सव्वा वर्षाचं होईपर्यंतच, नंतर हाडं घट्ट होत जातात.

माझी रजा संपत आली होती. लेकीला सांभाळायला सासूबाई येणार होत्या, पण त्यांनी हेल्मेट हातात घेऊन पाहिलं आणि हे आपल्याला जमणार नाही, तिला असं बघवणार नाही, असं सरळ सांगून टाकलं. मला त्यांचा राग आला. मग मी देवळ्याहून माझ्या आईला बोलावलं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त. तिच्या वर्गातली मुलं खोटं बोलायला घाबरायची.

आल्या दिवशीच तिने एक वही घेतली, पट्टीने रकाने आखले. हेल्मेट किती वाजता घातलं, किती वाजता काढलं. रोज संध्याकाळी मी बँकेतून घरी आले की हेल्मेट लेकीच्या डोक्यावर असायचं आणि आई वही पुढे करायची. त्या सुबक अक्षराकडे बघून मला वाटायचं, एवढी निश्चिंत मी दुसऱ्या कुणाच्याही भरवशावर झाले नसते.

दर तीन आठवड्यांनी आम्ही मोजमापासाठी मुंबईला जायचो. दुसऱ्या खेपेलाही फरक जवळजवळ नव्हता. तंत्रज्ञाने हेल्मेट रोज किती तास घालता, असं विचारल्यावर मी पर्समधून वही काढून त्याच्यासमोर ठेवली. त्याने पानं चाळली आणि नम्रपणे म्हणाला, "मॅडम, एवढे तास घातलं असतं तर थोडा तरी फरक दिसला असता."

मी त्याला नको नको ते बोलले. तुमचं माप चुकलंय, तुम्हाला हेल्मेट नीट बनवता येत नाही, असं सगळं. परतताना कसारा घाटातही मी क्लिनिकच्या नावाने बोलतच होते. नवरा गाडी चालवत होता, तो काहीच बोलला नाही. घरी आल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं आणि या लोकांचं काय खरं असतं, म्हणाली.

मे महिन्यात एकदा डोकं फार दुखत होतं म्हणून मी दुपारी अडीचलाच घरी आले. माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. लेक आजीच्या मांडीवर पालथी झोपली होती. डोकं उघडं, तेलाने चमकत होतं. हेल्मेट कपाटावर होतं. वही टीपॉयवर होती. त्या दिवसाच्या रकान्यात संध्याकाळी पाचपर्यंतच्या वेळा आधीच लिहून झाल्या होत्या.

आई दचकली नाही. लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून. तू सहाला येतेस. ते घातलं की दिवसभर माझ्यापाशी लय रडते ती. घामाने मान सोलून निघाली होती तिची."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू नोकरी सोडली असतीस. आणि तुझंही डोकं असंच होतं लहानपणी. तेल लावून लावून मीच गोल केलं."

मी तिच्याशी भांडले, रडले. तिने एकदाही चूक झाली म्हटलं नाही. संध्याकाळी नवरा आल्यावर मी त्याला सगळं सांगायला लागले, तर तो मान खाली घालून बूट काढत राहिला. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, याला हे आधीच माहीत होतं. खोदून विचारल्यावर त्याने सांगितलं, महिनाभरापूर्वी तोही असाच दुपारी एकदा घरी आला होता. तुझ्या आईंनी हात धरून सांगितलं, तिला कळू देऊ नका, माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही, म्हणाला. म्हणजे घाटात मी बडबडत होते तेव्हा त्याला माहीत होतं. त्या तंत्रज्ञासमोर मी वही ठेवली तेव्हाही तो शेजारच्याच खुर्चीवर बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई एसटीने देवळ्याला गेली. मी बिनपगारी रजा घेतली. दुपारभर कूलरसमोर लेकीला घेऊन बसायचे. ती खरंच खूप रडायची. आई त्याबाबतीत खोटं बोलली नव्हती. तंत्रज्ञाची मी माफी मागितली. तो हसून म्हणाला, बऱ्याच घरांत होतं असं. तेरा महिन्यांची होईपर्यंत लेकीने हेल्मेट घातलं. कान बराचसा मागे गेला. मागचा चपटेपणा थोडा राहिला, केसांखाली दिसत नाही, पण वेणी घालताना हाताला लागतो.

आईचा फोन येतो. मी बोलते, लेकही बोलते. सुट्टीत आम्ही देवळ्याला जातो, तेव्हा दोघींचं छान जमतं. आई मला दुकानातून काहीतरी आणायला सांगते आणि मी लेकीला बरोबर घेऊन जाते. नवऱ्याशी त्या दिवसाबद्दल मी पुन्हा कधी बोलले नाही. अजूनही तो एखाद्या गोष्टीवर गप्प बसला, की मी हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघते.